दोन सर्व्हर आणि थेट केबलचा कन्सोल : कामाच्या नोंदी

४ मार्च : गरज

सर्व्हर दोन. नोंदींच्या सोयीसाठी एकाला थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. दोन्हींवर डेबियन लिनक्स. आजवर सगळा कारभार एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, चालायचा आणि अडीअडचणीला बीएमसी होता, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही जागा राहणारा मदरबोर्डवरचा छोटा संगणक. गेल्या आठवड्यात स्विचवरची व्हीलॅनची (नेटवर्कच्या आभासी विभागांची) मांडणी बदलली आणि दोन्ही वाटा एकदमच बंद झाल्या. बीएमसीची केबल त्याच स्विचमध्ये होती.

म्हणून आता नेटवर्कशी काडीचाही संबंध नसलेली वाट हवी: थेट केबलने जोडलेला कन्सोल, म्हणजे सर्व्हरचे संदेश वाचायची आणि त्याला आज्ञा द्यायची जागा. अटी अशा: वीज दिल्यापासून लॉगिनपर्यंत सगळं दिसलं पाहिजे, केबल कायमची लावून ठेवता आली पाहिजे, सर्व्हर शेवटी काय म्हणाला याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे, आणि मी जागेवर नसताना दुसऱ्याला वापरता आलं पाहिजे. चौथी अट लिहिताना किरकोळ वाटली होती. सर्वांत जास्त फेरफार तिच्यामुळेच झाले.

५ मार्च : पर्याय

मॉनिटर आणि कीबोर्ड. सर्वांत सोपं, आणि बायोसच्या (वीज दिल्यावर सर्वांत आधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या) चित्रमय मेनूसकट सगळं दिसतं. पण कर्नल पॅनिक झाला, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळला, की पडद्यावर फक्त शेवटच्या ओळी उरतात. खरं कारण त्याच्या वर सरकून गेलेलं असतं. तो मजकूर उतरवायचा तर फोनने फोटो काढायचा. नोंदीची अट इथेच बाद.

केव्हीएम स्विच. एका मॉनिटर-कीबोर्डवर अनेक सर्व्हर. नोंदीच्या बाबतीत वरच्यासारखंच. शिवाय स्वस्त स्विच मॉनिटरची ओळख सांगणारी ईडीआयडी माहिती नीट पुढे देत नाहीत, मग सर्व्हर भलत्याच रिझोल्युशनला जातो किंवा पडदा काळा राहतो. अनेक यंत्रं असतील तर विचार करावा, दोघांसाठी नाही.

यूएसबी क्रॅश-कार्ट अडॅप्टर. एक टोक सर्व्हरच्या व्हीजीए आणि यूएसबीला, दुसरं लॅपटॉपला. लॅपटॉपच मॉनिटर-कीबोर्ड बनतो. कल्पना छान आहे. ज्याला रोज वेगवेगळ्या रॅकपाशी उभं राहावं लागतं त्याने हाच घ्यावा. पण बहुतेक अडॅप्टर निर्मात्याच्या खास सॉफ्टवेअरवर चालतात, आणि पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर त्या वेळच्या लॅपटॉपवर चालेल का, हा प्रश्न उरतोच.

बीएमसीच्या स्वतंत्र पोर्टला लॅपटॉपची केबल थेट जोडायची, दोन्हीकडे हाताने आयपी पत्ता द्यायचा. स्विच मधे नाही, म्हणजे हाही थेट केबलचाच कन्सोल झाला, आणि हा पर्याय मी बराच वेळ घोळवला. अडचण एवढीच की बीएमसी हा स्वतःच एक संगणक आहे. तोही अडकतो, त्यालाही फर्मवेअर लागतं, आणि जुन्या बीएमसीचं वेबपान आजचे ब्राउझर उघडायला नकार देतात. शिवाय बीएमसी ज्या मानकावर चालतो त्या आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी खोट आहे, की लॉगिनच्या आधीच तो वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून काढलेला सांकेतिक ठसा) समोरच्याला देऊन टाकतो. ते फर्मवेअर बदलून जाणारं नाही. त्यामुळे बीएमसी मोकळ्या नेटवर्कवर ठेवायचाच नाही, हे वेगळं काम आजच यादीत घातलं.

सिरीयल पोर्ट. आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक. तीन तारा, साधी अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही, पण येणारं प्रत्येक अक्षर फाइलमध्ये साठवता येतं. निवड हीच. मॉनिटर-कीबोर्ड कपाटात राहतील, फक्त बायोसच्या सेटिंगसाठी.

७ मार्च : पोर्ट कुठे आहे?

थोरल्याच्या मागे नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट आहे. धाकट्याच्या मागे नाही. मदरबोर्डवर मात्र दहा पिनांचा हेडर (उघड्या पिनांचा जोड) आहे, एक पिन गाळलेली. त्याला जोडायची पट्टीची केबल पत्र्याच्या कंसासकट मिळते. एक घेतली, बसवली, काहीच आलं नाही.

या केबल दोन प्रकारच्या असतात आणि बाहेरून हुबेहूब दिसतात. एका प्रकारात हेडरची १ नंबरची पिन कनेक्टरच्या १ ला, २ ची २ ला, ३ ची ३ ला जाते. दुसऱ्यात सपाट पट्टी सरळ दाबून बसवलेली असते, त्यामुळे हेडरची २ नंबरची पिन कनेक्टरच्या ६ ला जाते, ३ ची २ ला, ४ ची ७ ला. मदरबोर्ड एका प्रकारचा आणि केबल दुसऱ्या प्रकारची, तर अक्षरसुद्धा येणार नाही.

ओळखायची रीत: सर्व्हरची वीज पूर्ण काढा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक चॅसीला लावा आणि दुसरं हेडरच्या एकेका पिनेला. ग्राउंड सापडेल. ती हेडरची ५ नंबरची पिन निघाली तर केबल पहिल्या प्रकारची हवी, ९ नंबरची निघाली तर दुसऱ्या. धाकट्याला दुसऱ्या प्रकारची लागत होती. पहिली केबल वाया. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पिनांची आकृती असते. खरेदीआधी ती उघडली तर हा खर्च वाचतो.

९ मार्च : केबल आणि अडॅप्टर

सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्ही बाजू स्वतःला संगणकच समजतात, त्यामुळे दोघेही ३ नंबरच्या पिनेवरून बोलतात आणि २ नंबरच्या पिनेवर ऐकतात. म्हणून मधे आडवी केबल हवी: २ ला ३, ३ ला २, आणि ५ ला ५. हिला नल मोडेम केबल म्हणतात. सरळ केबलचंही रूप तेच असतं. कपाटातल्या जुन्या केबलींपैकी कुठली कसली, हे वेष्टनावरून कळेना.

इथे मल्टिमीटरची दुसरी युक्ती कामी आली. आरएस-२३२ मध्ये निवांत असलेली पाठवणारी तार ऋण व्होल्टेजवर असते, साधारण उणे ५ ते उणे १२. काळं टोक ५ नंबरच्या पिनेला, लाल टोक आळीपाळीने २ आणि ३ ला. ऋण आकडा जिथे दिसेल ती त्या बाजूची बोलणारी पिन. आता केबल सर्व्हरला लावून तिच्या मोकळ्या टोकावर मोजा. ऋण व्होल्टेज २ वर आलं तर केबल आडवी, ३ वर आलं तर सरळ. केबलींचा अख्खा ढीग असाच वेगळा झाला.

दोन सावधगिऱ्या.

नेटवर्कच्या राउटरबरोबर येणारी फिकट निळी चपटी केबल सर्व्हरला चालेलच असं नाही. तिच्या आरजे-४५ टोकाची पिनांची मांडणी त्या यंत्रापुरती असते, आणि सिरीयलसाठी आरजे-४५ वापरणाऱ्या वेगवेगळ्या निर्मात्यांच्या मांडण्या वेगवेगळ्या आहेत.

दुसरी जास्त महागात पडणारी. छोट्या बोर्डांसाठी मिळणारे ३.३ व्होल्टचे यूएसबी-टीटीएल अडॅप्टर सर्व्हरच्या नऊ पिनांच्या पोर्टला लावू नका. तिथे ऋण व्होल्टेज येतं, आणि अडॅप्टर ते सहन करण्यासाठी बनलेला नसतो. मधे मॅक्स३२३२ सारखी चिप लागते. तयार आरएस-२३२ अडॅप्टरमध्ये तसली चिप आधीच असते.

लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही, त्यामुळे यूएसबी-सिरीयल अडॅप्टर आलाच. बाजारात मुख्यतः एफटीडीआय, प्रोलिफिक, सीपी२१०२ आणि सीएच३४० या चिपा दिसतात. नकली मालही भरपूर आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला होता. लिनक्सवर चारही चिपा चालतात. मी अनुक्रमांक असलेला एफटीडीआय घेतला. कारण १७ तारखेच्या नोंदीत येईल. घरातला जुना सीएच३४० तात्पुरता चाचणीला ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने वेळ खाल्ला.

१० मार्च : अक्षर दिसेना, मग दिसलं पण टाइप होईना

सर्वांत जास्त वेळ या नोंदीत गेला. म्हणून सविस्तर.

लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. सीएच३४० लावला की टीटीवाय-यूएसबी० हे उपकरण क्षणभर उगवतं आणि नाहीसं होतं. केबल खराब समजून बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं. शेवटी कर्नलचा लॉग वाचला तेव्हा कळलं, की ब्रेल पाटीसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम अडॅप्टर हिसकावून घेत होता. एका ब्रेल उपकरणाचा यूएसबी ओळख क्रमांक आणि या चिपचा क्रमांक एकच आहे. लॅपटॉपवर ब्रेल पाटी कोणी वापरत नाही, तेव्हा तो प्रोग्राम काढून टाकला.

त्याच सुमारास मॉडेममॅनेजरही बंद केला. नवं सिरीयल उपकरण दिसलं की तो मोडेम आहे का हे तपासायला त्यावर एटी आज्ञा (मोडेमच्या आज्ञा) पाठवू शकतो. समोर सर्व्हरचं लॉगिन असेल तर त्या आज्ञा वापरकर्त्याचं नाव म्हणून टाइप होतात. आणि स्वतःचं नाव डायलआउट गटात घातलं, नाहीतर पोर्ट उघडायला दर वेळी रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतात.

पोर्ट उघडला, सर्व्हर रीस्टार्ट केला, पडदा कोरा. बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू होतं, पण कॉम२ वर. बऱ्याच सर्व्हरांत कॉम२ हा बीएमसीच्या सिरीयल-ओव्हर-लॅनसाठी (नेटवर्कवरून मिळणाऱ्या सिरीयलसाठी) राखलेला असतो आणि मागचा खराखुरा पोर्ट कॉम१ असतो. ते कॉम१ वर आणलं. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट.

आता बायोसचा मजकूर दिसला. पण कळ दाबली तर काहीच नाही. मजकूर येतोय म्हणजे वेग बरोबर, ग्राउंड बरोबर, एका दिशेची तार बरोबर. मी दुसऱ्या दिशेच्या तारेवर संशय घेतला आणि कनेक्टर उघडून डाग पुन्हा दिला. गरज नव्हती.

कारण मिनिकॉममध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून सिरीयल पोर्टशी बोलायच्या प्रोग्राममध्ये, होतं. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं. म्हणजे पाठवण्याआधी तो ८ नंबरच्या पिनेवर समोरच्याच्या होकाराची वाट पाहतो. माझ्या तीन तारांच्या केबलमध्ये ती तार नाहीच. होकार कधी येणार नाही आणि अक्षर कधी जाणार नाही. ऐकायला मात्र होकार लागत नाही, म्हणून मजकूर दिसत राहतो. सेटिंग बंद केली आणि पहिल्याच कळीला सर्व्हरने उत्तर दिलं.

हे आधी पकडता आलं असतं. अडॅप्टर सर्व्हरपासून सोडवा, त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर परत आलं तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि प्रोग्राम तिन्ही ठीक. नाही आलं तर सर्व्हरकडे बघायचीच गरज नाही. मी नंतर ही चाचणी फ्लो कंट्रोल चालू ठेवून करून पाहिली, अक्षर परतलं नाही. डाग देण्याआधी हे करायचं.

त्यानंतर मिनिकॉम सोडून पिकोकॉम वापरतो. त्यात फ्लो कंट्रोल मुळात बंद असतं आणि मेनूंचा पसारा नाही.

१२ मार्च : ग्रब आणि कर्नल

बायोसनंतर पडदा पुन्हा गप्प, कारण पुढचा कारभार ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) आणि मग कर्नलचा. दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं.

ग्रबला टर्मिनल म्हणून कन्सोल आणि सिरीयल दोन्ही दिले, पहिलं युनिट, वेग ११५२००. मेनू आला, पण प्रत्येक अक्षर दोनदा. बायोस स्वतःही पडद्यावरचं सगळं सिरीयलवर पाठवत होता आणि ग्रबही थेट पाठवत होता. उपाय दोन: बायोसमधलं बूटनंतरचं रीडायरेक्शन बंद करा, किंवा ग्रबमधून सिरीयल काढा. मी पहिला घेतला. बायोसची बॅटरी संपून सेटिंग उडाली तरी निदान ग्रबपासून पुढचा मजकूर माझ्या हातात राहतो.

कर्नलच्या ओळीत दोन नोंदी घातल्या: आधी 'कन्सोल=टीटीवाय०', मग 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८'. पहिला म्हणजे मॉनिटर, दुसरा म्हणजे सिरीयल पोर्ट. मजकूर दोन्हीकडे जातो, पण क्रमाला अर्थ आहे. शेवटी लिहिलेला तो मुख्य कन्सोल. इनिट प्रणालीचे (बूटमध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे) संदेश, फाइलप्रणाली बिघडल्यावर मिळणारा आपत्कालीन शेल आणि कूटबद्ध डिस्कचा पासफ्रेज विचारणारी ओळ, सगळं मुख्य कन्सोलवर येतं. थोरल्याची डिस्क कूटबद्ध आहे. आधी मी क्रम उलटा लिहिला होता, तेव्हा सिरीयलवर बूट अर्ध्यावर थबकल्यासारखा दिसत होता आणि पासफ्रेजची ओळ मॉनिटरवर वाट बघत होती.

लॉगिनसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. कर्नलच्या ओळीत सिरीयल कन्सोल दिसला की सिस्टिमडी (डेबियनची इनिट प्रणाली) त्यावर लॉगिन आपोआप उभं करतो. बूटचे संदेश दडवणारा 'क्वाएट' हा शब्द आणि बूटचं चित्र दोन्ही काढून टाकलं.

धाकट्यावर तोच मजकूर चिकटवला आणि काही आलं नाही. त्याच्या हेडरचा पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर नसून २एफ८ वर आहे, म्हणजे लिनक्सच्या भाषेत टीटीवायएस१. कर्नलच्या लॉगमध्ये पोर्टांची यादी पत्त्यांसह येते, ती वाचून आकडा बदलला.

१३ मार्च

बायोसमध्ये शिरायला डिलीट कळ लागते, ती सिरीयलवरून जात नव्हती. ठरलेली पर्यायी अक्षरं आहेत: एस्केप आणि मग उणे चिन्ह म्हणजे डिलीट, एस्केप आणि १ ते ९ म्हणजे एफ१ ते एफ९, एस्केप आणि ० म्हणजे एफ१०. दोन्ही कळा पटापट दाबाव्या लागतात. थोरल्यावर चाललं, धाकट्यावरही.

१५ मार्च : वेग, आणि फायरवॉलचा पूर

एका सहकाऱ्याने सुचवलं होतं, "९६०० ठेव, तो कुठेही चालतो." चालतो खरा. पण एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं. ऐंशी बाय चोवीसचा एक पडदा १,९२० अक्षरांचा. म्हणजे बायोसचा मेनू एकदा रंगवायलाच दोन सेकंद, आणि रंगाच्या खुणांची अक्षरं धरली तर आणखी. ११५२०० ला तोच पडदा सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात येतो. जुन्या यंत्राशी जुळवायचं नसेल तर ९६०० ठेवायचं कारण नाही. मात्र बायोस, ग्रब, कर्नल आणि लॅपटॉप या चारही ठिकाणी वेग एकच असला पाहिजे. एक जरी चुकला तर मधल्याच टप्प्यावर उलटसुलट चिन्हं दिसू लागतात. कुठल्या टप्प्यावर दिसली यावरून चुकलेली जागा कळते.

संध्याकाळी दुसरीच अडचण. थोरल्यावर लॉगिन केलं की मधेच फायरवॉलने नाकारलेल्या पॅकेटच्या ओळी धबाधबा येतात, टाइप केलेली आज्ञाही दिसत नाही. आधी असं नव्हतं. कारण १२ तारखेच्या कामात होतं: 'क्वाएट' असताना कर्नल फक्त चुका आणि त्याहून गंभीर संदेश कन्सोलवर टाकतो, पातळी ४. तो शब्द काढल्यावर पातळी ७ झाली. फायरवॉलच्या ओळी इशारा पातळीच्या, म्हणजे आता त्या सगळ्या बाहेर. नुसतं डोळ्यांना त्रासदायक नाही हे. सिरीयलवर लिहिताना कर्नलला थांबावं लागतं, आणि अशा पुरात सर्व्हरच मंदावू शकतो.

'क्वाएट' परत घातला नाही, कारण बूटच्या वेळी सगळं दिसायला हवं आहे. त्याऐवजी सिससीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये 'कर्नल.प्रिंटके = ४ ४ १ ७' लिहिलं. ती फाइल बूटमध्ये पुढच्या टप्प्यावर वाचली जाते, तोवर हार्डवेअरचे संदेश येऊन गेलेले असतात. लॉगमध्ये फायरवॉलच्या ओळी पूर्वीसारख्याच साठतात, फक्त कन्सोलवर येत नाहीत.

१७ मार्च : कायमचा लॅपटॉप

दोन्ही केबली एका जुन्या लॅपटॉपला कायमच्या लावल्या. जुना लॅपटॉप मुद्दाम निवडला: स्वतःचा पडदा, स्वतःचा कीबोर्ड, आणि वीज गेली तर बॅटरी. झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग केली. नेटवर्कची केबल त्याला लावलेलीच नाही.

दोन अडॅप्टर म्हटल्यावर नावांचा घोळ आला. रीस्टार्टनंतर टीटीवाय-यूएसबी० कधी थोरला, कधी धाकटा. थोरला समजून धाकट्याला रीस्टार्ट देणं सहज शक्य. म्हणून नेहमी /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी खालचं नाव वापरायचं. त्यात चिपचा अनुक्रमांक असतो. सीएच३४० च्या चिपांना सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन सारखे अडॅप्टर वेगळे ओळखता येत नाहीत. एफटीडीआयसाठी जास्त पैसे दिले ते यासाठी.

लॅपटॉपवर कॉन्सर्व्हर बसवला. तो दोन्ही पोर्ट सतत उघडे ठेवतो, आलेलं प्रत्येक अक्षर वेळेच्या नोंदीसह फाइलमध्ये टाकतो, आणि आपण जोडलं की थेट संवाद करू देतो. हार्डवेअर फ्लो कंट्रोल त्याच्या फाइलमध्येही स्पष्टपणे बंद केलं. जोडणी फक्त त्याच यंत्रावरून घेतो. लॉगच्या फाइली रूटशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. टाइप केलेला पासवर्ड पडद्यावर उमटत नाही त्यामुळे फाइलीतही येत नाही, पण घाईत कोणी नावाच्या जागी पासवर्ड टाइप केला तर तो येतो.

१९ मार्च

एडिटर उघडला की अर्ध्या पडद्यावर चालतो, खालच्या ओळी एकावर एक. सिरीयलवरून खिडकीचा आकार कळवण्याची सोयच नाही. सर्व्हर ऐंशी बाय चोवीसच धरतो. लॉगिननंतर 'एसटीटीवाय' आज्ञेने ओळी आणि स्तंभ हाताने द्यायचे, किंवा एक्सटर्मबरोबर येणारी 'रिसाइझ' आज्ञा चालवायची. दुसरी मी लॉगिनच्या फाइलीत घातली.

२१ मार्च : ब्रेक

सिरीयलची एक खासियत अशी, की यंत्र पूर्ण अडकलेलं असतानाही 'ब्रेक' पाठवून कर्नलशी थेट बोलता येतं. तारेवर एका अख्ख्या अक्षराहून जास्त वेळ शून्याची स्थिती धरून ठेवली की तो ब्रेक. लिनक्समध्ये त्यानंतर पाच सेकंदांत एक अक्षर दिलं की मॅजिक सिस्टिम-रिक्वेस्टची (सिसआरक्यूची) आज्ञा होते: एस म्हणजे डिस्कवर लिहून घे, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, बी म्हणजे ताबडतोब रीबूट.

धोकाही तोच. सनच्या स्पार्क सर्व्हरांवर कन्सोलवर ब्रेक आला की यंत्र थांबून फर्मवेअरच्या 'ओके' प्रॉम्प्टवर जायचं, आणि टर्मिनलची वीज घालवली तरी तारेवर ब्रेक उमटायचा. म्हणजे कन्सोल बंद केला की सर्व्हर थांबला. लिनक्सला पुढचं अक्षरही लागतं म्हणून धोका कमी, पण शून्य नाही. त्यामुळे सगळ्या आज्ञा मोकळ्या ठेवल्या नाहीत. 'कर्नल.सिसआरक्यू' ला १८४ दिलं: रीबूटचे १२८, डिस्क फक्त-वाचनाला नेण्याचे ३२, लिहून घेण्याचे १६, अडकलेल्या प्रक्रियांची यादी काढण्याचे ८. प्रक्रिया मारायचा अधिकार यात नाही. अडॅप्टर यूएसबीतून काढून-घालून पाहिला, सर्व्हरवर काही झालं नाही.

२३ मार्च : उघडं राहिलेलं लॉगिन

रूटने लॉगिन करून कॉन्सर्व्हरमधून बाहेर पडलो, थोड्या वेळाने परत जोडलं, तर समोर रूटचा शेल तसाच. एसएसएच तुटला की सत्र संपतं, इथे संपत नाही. तीन तारांच्या केबलीत समोरचा गेला हे कळायला सिग्नलच नाही. सर्व तारांची नल मोडेम केबल घेतली तर १ नंबरच्या पिनेवरून ते कळू शकतं, पण कॉन्सर्व्हर पोर्ट सतत उघडा धरतो, त्यामुळे समोरचा कधी जातच नाही. म्हणून तारा वाढवल्या नाहीत. सिरीयलवरच्या लॉगिनसाठी शेलमध्ये 'टीएमआउट=३००' दिलं: पाच मिनिटं कळ नाही, तर बाहेर. लॅपटॉपचा पडदाही कुलूपबंद होतो. रॅकपाशी पोहोचणारा माणूस तसाही वीज काढू शकतो हे खरं, पण त्याला रूट आयता द्यायचं कारण नाही.

२६ मार्च : चाचणी

थोरल्याच्या नेटवर्कच्या सगळ्या केबली काढल्या. ज्याने हे काम पाहिलंच नव्हतं त्या सहकाऱ्याला एक पानी सूचना दिल्या आणि मी बाजूला उभा राहिलो.

तो जोडला गेला आणि थांबला. "काहीच नाही हो इथे." बरोबर होतं. लॉगिनची ओळ कधीच येऊन गेलेली असते. नव्याने जोडणाऱ्याला कोरा पडदाच दिसतो. सूचनांत पहिल्या ओळीत वाढवलं: जोडल्यावर एंटर दाबा. मागचं पाहायचं तर कंट्रोल-ई, सी, आर. शेवटच्या वीस ओळी परत दिसतात. बाहेर पडायला कंट्रोल-ई, सी, पूर्णविराम. या कळा मी गृहीत धरल्या होत्या, पानावर नव्हत्याच. आयपी पत्ता बदलणं आणि सेवा रीस्टार्ट करणं त्याने न विचारता केलं.

मग मी मुद्दाम कर्नल पाडला, सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये सी लिहून. मॉनिटरही मुद्दाम लावून ठेवला होता. त्यावर कॉल ट्रेसचं (कोसळताना कर्नल काय करत होता त्या यादीचं) शेपूट तेवढं दिसत होतं. लॅपटॉपच्या फाइलीत पॅनिकची पहिली ओळ, त्याआधीचे संदेश आणि अख्खा ट्रेस, वेळेसकट. पर्याय निवडताना घातलेली नोंदीची अट इथे वसूल झाली. हे चालू सेवेच्या सर्व्हरवर करू नका. आमच्याकडे थोरल्याच्या सेवा आधी धाकट्यावर नेल्या होत्या.

३० मार्च : हिशेब आणि बाकी

वाया गेलेलं: चुकीच्या प्रकारची हेडर केबल, आणि सीएच३४० अडॅप्टर, जो चालतो पण इथे उपयोगाचा नाही. नव्याने घेतलेलं: दोन एफटीडीआय अडॅप्टर, एक बरोबर हेडर केबल, दोन नल मोडेम केबली. सगळं मिळून साध्या केव्हीएम स्विचहून स्वस्त पडलं, लॅपटॉप पडून होता म्हणून.

धाकट्याच्या रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) मेनू ग्राफिकमध्ये येतो, तो सिरीयलवर दिसत नाही. म्हणून मॉनिटर-कीबोर्ड कपाटातून हलवायचे नाहीत. लॅपटॉप आणि सर्व्हर वेगवेगळ्या विजेच्या वाटांवर आहेत. त्यांच्या ग्राउंडमध्ये फरक पडला तर तो केबलीच्या ५ नंबरच्या पिनेतून वाहणार. तूर्त लॅपटॉप त्याच यूपीएसवर आणला आहे. आयसोलेशन असलेला अडॅप्टर पुढच्या खरेदीत.

केबलींच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. थोरल्याची: "कॉम१, टीटीवायएस०, ११५२००, ८-एन-१, फ्लो कंट्रोल नाही, आडवी केबल". धाकट्याची तीच, फक्त कॉम२ आणि टीटीवायएस१. बीएमसीच्या केबली स्विचमधून अजून काढायच्या आहेत.